एकुलतीचा शेंडा

शिडीवर

"अजून एक पायरी," खालून बाई म्हणाल्या.

"एकही नको," खालूनच मामा म्हणाले.

जावई होता तिथेच थांबला. झाडाच्या खोडाला शिडी टेकवायची नाही असं ठरलं होतं, म्हणून चारी बाजूंनी बांबू रोवून परांची बांधली होती. परांचीवर शिडी, शिडीवर तो. डाव्या हातात ओलं फडकं, उजव्या हातात नवं पातं लावलेला चाकू. आणि नाकासमोर शेंडा. इतकी वर्षं खालून मान वाकडी करून पाहिलेला शेंडा आज पहिल्यांदा तोंडासमोर होता, आणि तो होता जेमतेम हातभर. सरळसोट. बगलेत बोराएवढ्या फळांचा एक झुबका, हिरव्याकडून पिवळ्याकडे निघालेला.

खोडावरच्या पाटीवर झाडाचं लांबलचक शास्त्रीय नाव होतं. ते एका दमात म्हणता येणारं माणूस बागेत एकच होतं, ते म्हणजे बाई, बागेच्या प्रमुख. बाकी सगळे या झाडाला एकुलती म्हणत. तिच्या जातीचं दुसरं झाड अजून कुणालाही, कुठेही दिसलेलं नव्हतं. आणि या एकुलतीच्या बुंध्याला काळी बुरशी लागली होती. औषधं झाली, माती बदलून झाली. बुरशी आपली वर चढतच होती.

शेंडा कापून रुजवला तर त्याचं झाड होईल, कदाचित. पण शेंड्याबरोबर फळंही जातील, आणि ती पिकायला अजून महिना हवा होता. महिनाभर थांबलं तर फळं पिकतील, कदाचित. पण तोवर कापायला जिवंत शेंडा उरणार नाही.

"तुम्ही ठरवा, जावई," बाई म्हणाल्या. "हात तुमचा आहे."

"हात त्याचा आहे," खुर्चीतून मामा म्हणाले, "पण शिकवलेला माझा आहे."

मामा त्याचे सासरे. याच बागेचे पूर्वीचे मुख्य माळी. डोळ्यांनी आता उजेड आणि सावली एवढंच कळायचं. त्यांना घरून धरून आणलं होतं, झाडाखाली खुर्ची टाकून बसवलं होतं, आणि तेव्हापासून ते ज्या बाजूने चाकूचा आवाज येईल असं वाटे त्या बाजूला खुर्ची सरकवून घेत होते.

त्याला जावई का म्हणतात?

कारण तो जावई होता. आला होता पाण्याचा पंप दुरुस्त करायला, आठवडाभरासाठी. पंपाच्या खोलीला लागून कलमांची शेड होती. तिथे मामा एका काडीच्या बुडाला तिरका काप घेत होते, तर हा दारातून म्हणाला, "तिरका का? सरळ का नाही?" मामांनी वर न बघता सांगितलं. मग याने विचारलं, "काडी उलटी खोचली तर?" मामांनी वर पाहिलं. हा माणूस पंप सोडून इथेच राहणार हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. मुलगी देतील हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.

लग्नानंतर तो मामांच्याच घरी राहायला आला आणि बागेत त्याचं नाव पुसलं गेलं. नव्या बाई रुजू झाल्या तेव्हा आठवडाभर त्यांना जावई हे आडनाव वाटत होतं.

बागेत मामा त्याला अरे-तुरे करत, घरात अहो-जाहो. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी मामांची खाट. जावई बसायचा तो स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर. खाटेवर बसू नका असं त्याला कुणी कधी म्हटलं नव्हतं. बस असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"तुमचं कलम केलंय आमच्या घरावर," बायको एकदा मशीनवर शिवता शिवता म्हणाली. "जोड धरलाय चांगला. पण जोडावरची पट्टी सोडायची राहिलीये."

"कुणी सोडायची असते?"

"ज्यानं बांधली त्यानं. तुम्हीच सांगता की."

लोळण्या उठत का नाहीत?

एकुलतीच्या काड्या रुजवायला मामांनीच सुरुवात केली होती. नियम एकच: खालच्या आडव्या फांद्यांतून पेन्सिलीएवढी काडी घ्यायची, शेंड्याकडे नजरसुद्धा वर करायची नाही. काड्या छान रुजत. वाळू झटकली की पांढरी मुळं दिसत आणि मामा ती जावयाला लहान मुलाचे दात दाखवावेत तशी दाखवत. मग रोप कुंडीत जाई, नवी पानं फुटत, आणि रोप आडवं होई. जमिनीला समांतर, कोपरावर डोकं टेकून पडल्यासारखं. शेडमध्ये त्यांना लोळण्या म्हणत.

जावयाने काठ्या बांधल्या. काठीला बांधलेला भाग उभा राहिला, त्यापुढचं पहिलं पान फुटलं ते आडवं. त्याने कुंडीवर खोकं पालथं घातलं आणि वर एक भोक ठेवलं, की उजेडाच्या ओढीने तरी मान वर करेल. तिने खोक्याच्या कडेकडेने फिरून बघितलं. मग त्याने कुंडीच कुशीवर पाडली. आता आडवं म्हणजेच उभं होणार होतं. लोळणी सावकाश वळली, वळली, आणि पुन्हा जमिनीला समांतर होऊन निवांत पडली. त्या दिवशी त्याला राग आला नाही. तो उकिडवा बसून तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

"हिला जमीन कुठे आहे ते कळतं," तो मामांना म्हणाला.

"कळू दे. तू वेळ दे."

"पण कळतं कशानं?"

"मला विचारू नकोस. तिला विचार."

लोळण्या वाचनालयाला दिल्या, दवाखान्याला दिल्या. दवाखान्यातली नर्स एकदा विचारायला आली, "तुमचं झाड आजारी आहे का हो?"

"नाही," जावई म्हणाला. "आरामात आहे."

"पेशंट रोज विचारतात, हे कधी उठणार. आम्हाला वाईट दिसतं ते."

मग बाई आल्या. त्यांनी शेडमधल्या सगळ्या आडव्या कुंड्या पाहिल्या, काठ्या पाहिल्या, खोकं पाहिलं, आणि चार दिवस वाचत बसल्या. पाचव्या दिवशी शेडमध्ये येऊन म्हणाल्या, "काही झाडांचं असं असतं. आडव्या फांदीची काडी लावली तर ती फांदीच राहते. मुळं फुटली तरी. तिला वाटत असतं, खोड मागे कुठेतरी आहेच, आपण आपलं बाजूला वाढावं."

"आणि शेंडा लावला तर?"

"शेंडा म्हणजे खोडाचंच टोक. तो वर जाईल."

"पण फांदीला कळतं कसं, की ती फांदी आहे?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "थोडंफार कळलंय लोकांना. पूर्ण नाही."

"म्हणजे तुम्हालाही नाही?"

"मलाही नाही."

त्या दिवसापासून जावयाला बाई आवडायला लागल्या. घरी जाऊन त्याने हे सगळं मामांना सांगितलं. मामा खाटेवर पडून ऐकत होते. मग म्हणाले, "शेंडा एकच असतो, जावई. फांद्या पुष्कळ असतात. म्हणून मी फांद्या घेतल्या."

बायको मशीन थांबवून म्हणाली, "मग आता एवढ्या लोळण्यांचं काय करणार?"

"सांभाळणार," मामा म्हणाले. "दुसरं काय."

बी वाजतं का?

वाजत नाही. भरलेलं असतं तर वाजलं असतं का, तेही कुणाला ठाऊक नव्हतं. जावयाने दोन्ही कानांशी हलवून पाहिलं होतं.

बी पाण्यात टाकलं की तरंगायचं. फोडलं की आत नुसती भिंत, गुळगुळीत, रिकामी, भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीसारखी. दर वर्षी थोडी फळं यायची, दर वर्षी तो ती फोडायचा आणि दर वर्षी प्रत्येक बी नव्या उत्सुकतेने फोडायचा, जणू मागचं एकही त्याने पाहिलंच नव्हतं.

"दुसऱ्या झाडाचा पराग लागतो हिला," बाईंनी सांगितलं. "स्वतःचा चालत नाही."

"मग शेडमध्ये इतकी आहेत की. त्यांना फुलं आली तर?"

"ती सगळी हीच आहे, जावई. एकच झाड, पुष्कळ कुंड्यांत."

तो शेडमध्ये गेला आणि मधल्या वाटेत उभा राहिला. दोन्ही बाजूंना रांगा. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण गर्दीला पाणी घालतो.

या वर्षी मात्र मामांनी खालच्या फांदीवरचं एक फळ तळहातावर तोललं आणि म्हणाले, "जड आहे."

फोडलं. पोकळ.

"दुसरं."

तेही पोकळ.

"तुम्ही नेमकी चुकीची उचलताय," मामा म्हणाले. "शेंड्याजवळची बघा. वर वारा असतो, वर जा-ये असते. खाली कोण येतंय?"

बाई हसल्या नाहीत. "असेलही," त्या म्हणाल्या. "पण ते कळायला महिना लागेल, आणि महिना आपल्याकडे नाही."

पुन्हा शिडीवर

जावयाने शेंड्याच्या खाली वीतभर अंतरावर नखाने साल खरवडली. आत हिरवं. आणखी खाली खरवडली. हिरव्यात एक बारीक तपकिरी रेघ, केसाएवढी, वर निघालेली.

त्याने रेघेकडे बघितलं, मग फळांच्या झुबक्याकडे. ही फळं जड आहेत का हे त्याला अतिशय जाणून घ्यायचं होतं. एक तोडून, दाताखाली धरून, आत्ताच्या आत्ता. बुंध्यातली बुरशी वरपर्यंत यायला किती दिवस घेईल हेही जाणून घ्यायचं होतं. दोन्ही एकदम कळणार नव्हतं. एक कळावं म्हणून दुसरं सोडावं लागणार होतं.

"मामा," तो वरून म्हणाला, "रेघ आलीये."

"कुठवर?"

"दोन वितींवर."

मामा काप म्हणाले नाहीत, कापू नको म्हणाले नाहीत. त्यांनी खुर्ची दुसरीकडे वळवली आणि झाडाकडे पाठ करून बसले.

जावयाने पातं लावलं. एकच काप, तिरका, न थांबता. शेंडा त्याच्या डाव्या हातात आला, ओल्या फडक्यात, अपेक्षेपेक्षा हलका. आणि त्याच्या उजव्या हाताच्या बोटांनी झुबक्यातली फळं

बोटं

काडी कापली की पहिलं काम फुलं आणि फळं काढून टाकण्याचं. मग खालची पानं. मग वरची पानं अर्धी. हा क्रम मामांनी त्याच्या बोटांत पहिल्याच पावसाळ्यात भरला होता. विसरलं की मनगटावर टिचकी मारत. "हिला अजून मुळं नाहीत, आणि लेकरं कुठून सांभाळणार?"

त्याच्या बोटांना हे आता इतकं पाठ होतं की ती त्याला विचारत नसत. भाजीची जुडी निवडायला बसला की बायको ओरडे, "अहो, फुलंसुद्धा खायची असतात त्याची." शेजारच्यांनी वाढदिवसाला दिलेल्या गुलाबाच्या गुच्छातली फुलं त्याने बोलता बोलता खुडून मांडीवर जमा केली होती आणि काड्या पाण्यात ठेवल्या होत्या.

पुन्हा शिडीवर

खुडून टाकली.

खाली पाचोळा होता, घोटाभर, पिढ्यान्‌पिढ्यांचा. फळं त्यात पडली तसा पावसाच्या पहिल्या चार थेंबांसारखा आवाज झाला, आणि संपला.

"काय पडलं?" मामा पाठमोरेच म्हणाले.

वर जावई आपल्या हाताकडे बघत होता. तो हात दुसऱ्या कुणाचा असावा असा.

"काय पडलं विचारतोय मी."

"फळं, मामा."

"कुणी पाडली?"

"मी. म्हणजे, बोटांनी."

बाई आधीच गुडघ्यांवर बसल्या होत्या. शेंडा बादलीत ठेवून, फडकं गुंडाळून, जावईही खाली आला. दोघं पाचोळा चाळत राहिले. मामांची खुर्ची मध्येच होती, ती इकडे सरकवली, मग तिकडे. मामांचं वजन खुर्चीत, खुर्चीचे पाय पाचोळ्यात रुतत होते. काही फळं सापडली, काही सापडली नाहीत. सापडली ती फोडली. सगळी पोकळ.

"बघा," बाई हळूच म्हणाल्या, जावयाला बरं वाटावं म्हणून.

मामांनी हात पुढे केला, चाचपत जावयाचं मनगट धरलं. टिचकी मारतील असं त्याला वाटलं. त्यांनी नुसतं धरलं. "चल," ते म्हणाले. "शेंडा वाळेल."

उभा आहे का?

"उभा आहे?"

"उभा आहे, मामा."

"कुंडीवर प्लास्टिकचा कागद घट्ट लावलाय ना?"

"घामेजलाय आतून. थेंब दिसतात."

"हं. जेवून घ्या."

*

"उभा आहे?"

"उभा आहे. एक पान गळलं."

"देठासकट?"

"देठासकट. हात लावला तर आलं."

"मग चांगलं. जिवंत झाड स्वतः सोडतं. मेलं की धरून ठेवतं."

*

"उभा आहे?"

"आहे."

"आज आवाज असा का?"

"एक पान सुकलंय. ओढलं, तर सुटत नाही."

"ओढू नका पुन्हा."

"नाही ओढत."

*

"उभा आहे?"

"बुडाशी काळं दिसतंय."

"किती?"

"बोटभर."

"बाई काय म्हणाल्या?"

"वर पुन्हा काप घेऊन बघू म्हणाल्या. घेतला. आतही रेघ आहे."

"वीतभर वर हिरवं होतं ना?"

"तेव्हा होतं."

*

"जावई, आज उशीर झाला."

"हो."

"उभा आहे?"

"नाही, मामा."

"बरं," मामा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

मग?

मग एकुलतीही गेली. बुंध्यापासून नवा फुटवा येईल म्हणून सगळे वाट बघत होते. आला नाही. पानं सुकली आणि फांद्यांना धरून राहिली. माळ्यांपैकी कुणीतरी पाटी काढायला गेला तर बाई म्हणाल्या, "राहू दे. ती आहे अजून. शेडमध्ये पडलीये."

हे कोण?

मामांची खुर्ची शेंडा कापला त्या दिवसापासून झाडाखालीच राहिली होती. पावसाळा तिच्यावरून गेला, आणि त्यानंतर एकदा घरी मामा म्हणाले, "बागेतली खुर्ची आणा. खाटेवरून उठायला हाताची खुर्ची बरी पडेल."

जावई ती आणायला गेला. पाय इतके रुतले होते की दोन्ही हातांनी हलवावी लागली. मागचा डावा पाय थोडा वर आला, आणि त्याच्या कडेला, पायाने दाबून केलेल्या खळग्यात, एक रोप होतं. बोटाएवढं. दोन पानं आणि मध्ये तिसऱ्याची सुरुवात.

तण, असं म्हणून त्याची बोटं खाली गेली. चिमटीत देठ आला.

या वेळी त्याने त्यांना थांबवलं. एकेक बोट सोडवावं तशी चिमूट सोडली. मग पोटावर आडवा झाला आणि बघितलं.

रोप उभं होतं. वाळलेल्या झाडाखालच्या त्या सावलीत, खुर्चीच्या पायाला न टेकता, सरळ वर.

बाई आल्या त्या भिंग घेऊन, आणि त्याही चिखलात पोटावर आडव्या झाल्या. बागेच्या प्रमुख आणि जावई, दोघं लोळण्यांसारखे, मध्ये उभं रोप.

"तिचंच आहे," बाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या. "शिरा तिच्याच. देठाचा रंगही तिचा. त्या दिवशी न सापडलेल्यातलं असणार, पायाखाली दाबलं गेलेलं, पाचोळ्यातच पिकलेलं."

"मग मामा म्हणाले ते खरं. जड होतं."

"हे एक होतं." त्यांनी भिंग त्याला दिलं. "पण कड बघा. एकुलतीच्या पानाची कड कशी?"

"सरळ. कात्रीने कापल्यासारखी."

"आणि ही?"

त्याने बघितलं. कड करवतीची होती. इतकी बारीक की श्वास सोडला की भिंगातून हरवत होती, पण होती.

"हे पूर्ण तिचं नाही," बाई म्हणाल्या. "स्वतःच्या परागानं तिचं बी भरतच नाही. ते भरलं, म्हणजे दुसरं झाड आहे कुठेतरी."

"कुठे?"

दोघांनी एकदम मान वर केली. बागेची भिंत. भिंतीपलीकडे जुनी खाण, तिच्या कडेची झुडपं, पाण्याची टाकी, घरांची छपरं, छपरांच्या मागे टेकडी.

"मधमाशी किती लांब जाते हो बाई?"

"मधमाशीच होती हे कुठे ठाऊक आहे?"

"मग कोण होतं?"

"माहीत नाही."

"बरं आहे," जावई म्हणाला, आणि शेंडा गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला.

खुर्ची कुठे आहे?

"आणली का?" मामांनी खाटेवरून विचारलं.

"नाही."

"जड झाली?"

"नाही. हलवली नाही." जावई स्टुलाशी गेला, पण बसला नाही. "तिच्या पायाशी कुणीतरी उगवलंय."

मशीनचा आवाज थांबला. बायकोने सुई कापडातच राहू दिली.

मामा म्हणाले, "लोळतंय?"

"नाही, मामा. उभं आहे."

"काठी लावलीये?"

"काही लावलेलं नाही. आपलं आपण उभं आहे."

"एकुलतीचं?"

"अर्धं."

"आणि अर्धं कुणाचं?"

"तेच बघायचंय. उद्यापासून खाणीकडे जाऊन बघतो. मग टेकडी. फक्त पानाची कड ओळखायची आहे, बाकी काही माहीत नाही."

मामांनी उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहिलं, जिथे त्यांना उजेडाखेरीज काही दिसत नव्हतं. मग हळूहळू, गुडघे कुरकुरत, त्यांनी पाय पोटाशी ओढून घेतले. खाटेचं पायथ्याकडचं अंग मोकळं झालं. तिथली चादर त्यांनी चाचपत तळहाताने सारखी केली.

"ये, बस," ते म्हणाले. "कड कशी आहे ते सांग."

जावई बसला. मग त्याने मामांचा हात आपल्या मांडीवर घेतला, तळवा उघडला, आणि नखाने त्यावर कड काढायला सुरुवात केली. जरा आत, जरा बाहेर, जरा आत.